नारळाचा वास

आमच्या घरमालकीणबाई कधी खोटं बोलत नसत असं मी लिहिलं, तर जूचंद्रातली निम्मी आळी पोट धरून हसेल. वय त्या पन्नासच सांगायच्या. मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हाही पन्नास आणि चार वर्षांनी लग्न होऊन निघाले तेव्हाही पन्नासच. टाकी काठोकाठ भरलेली असताना भाडेकरूंना "पानी नाय" म्हणायच्या. विमा विकायला आलेल्या माणसाला स्वतः दारात उभ्या राहून "मालकीन गावाला गेलीय" असं सांगताना मी त्यांना या कानांनी ऐकलंय. वर त्यालाच विचारलं, "काय निरोप देऊ तिला?"

पण मासळीबद्दल? नाव नको! सकाळी नायगावच्या बाजारात त्या टोपली घेऊन बसायच्या. एखाद्या बाईने पापलेट उचलून कल्ला उघडून बघितला, की ती काही म्हणायच्या आत याच बोलायच्या, "ठेव गो खाली. कालचा हाय तो, बर्फावर झोपलेला. मांदेली घे, ती आजची हाय." शेजारी बसणाऱ्या बायका कपाळावर हात मारून घ्यायच्या. त्यातली एक तर रोज म्हणायची, "तुझी जीभ कापून टोपलीत ठेव, ती खपल आधी." मावशी ढिम्म. "कानात गेलेला खोटा निघून जातो," त्या म्हणायच्या, "पोटात गेलेला नाय निघत."

सगळी आळी त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशी म्हणायचे. तर मासळीबद्दल ही बाई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तेही वसईतल्या एका थाई हॉटेलात, चार माणसांसमोर. ते खोटं माझ्यापायी होतं. इतकी वर्षं मी ते गिळून बसले होते.

मी मूळची मिरजेची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. कामणच्या एका गोदामात डिस्पॅचच्या कामाला लागले, तेव्हा तिथे टेम्पो लावणाऱ्या एकाने सांगितलं, "आमच्या आयची खोली रिकामी हाय." आई मला पोचवायला आली होती. रिक्षातून उतरलो तर अंगणभर चटया आणि चटयांवर सुकट वाळत घातलेली. आईने पदर नाकाला लावला आणि जी मागे वळली, ती परत रिक्षात जाऊन बसली. माझी बॅग अजून रस्त्यावर!

मावशी आतून आल्या. आधी मोरीवर जाऊन राखेने हात घासून धुतले, मग रिक्षापासून चार हात लांब उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताय, वास येल. वाऱ्याला मी काय करू, वारा माझ्या बापाचा नाय. पन माझ्या डोल्यांदेखत तुमच्या पोरीच्या तोंडात असला काय जानार नाय. शब्द हाय माझा."

आईचा काही विश्वास बसला नाही. दुसरी खोली मिळेना म्हणून नाइलाजाने ती मला ठेवून गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर सगळ्या चटया घरामागे गेलेल्या. माझ्या खोलीचा झाडू वेगळा, बादली वेगळी. माझं दुधाचं पातेलं त्या कधी हातात धरायच्या नाहीत, स्वच्छ फडक्याने धरायच्या. खरं सांगते, मला कधीकधी वीट यायचा. माझी सख्खी आई जेवढी राखण करत नव्हती तेवढी ही बाई करायची. आणि स्वतः? तिन्ही त्रिकाळ बोंबील.

त्यांचं नाक हे तर एक प्रकरणच होतं. कामावरून आले की दारातच अडवायच्या. "आज कोनाच्या डब्याशेजारी जेवलीस? बोंबलाची चटनी होती." मी हबकायचे. खरंच असायची! एकदा आमच्या गोदामातल्या कुणीतरी परदेशी चिप्सचं पाकीट दिलं होतं, बाहेर नुसता बटाटा काढलेला. फोडताच मावशींनी ते हातातून काढून घेतलं. नाकाशी धरून फिरवलं आणि म्हणाल्या, "झिंगा हाय." मी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली. होता. शेवटून तिसऱ्या ओळीत. अक्षरांपेक्षा या बाईचं नाक बरं, असं मी त्या दिवशी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे आईच्या जिवात जीव आला.

गावामागच्या डोंगरावर देवी आहे. तिच्याशी मावशी कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशा बोलायच्या. अंगणात उभ्या राहून, हनुवटी वर करून, "बघितलंस? आज पन लाइट नाय." दर रविवारी पायऱ्या चढून जायच्या आणि खाली आल्या की देवीने काय उत्तर दिलं तेही आळीला सांगायच्या.

त्यांच्या सुनेचं पोट दोनदा रिकामं झालं होतं. दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात. त्या घरात त्यानंतर कुणी मोठ्याने हसत नसे. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. त्या रविवारी मावशी डोंगरावरून उतरल्या त्या गप्प. मग चुलीवरच्या कालवणाकडे बघून म्हणाल्या, "पोर हातात येईपर्यंत मासली माझ्या तोंडाला लागनार नाय. तिला सांगून आलीय."

गंमत नव्हती हो ती. दिवसभर टोपलीपुढे बसायचं, घरी येऊन मुलासुनेसाठी कालवण करायचं, मीठ बरोबर आहे का ते मुलाला चाखायला लावायचं आणि स्वतः वरणभात खायचा. आळीतल्या बायका पैजा लावत होत्या की आठ दिवससुद्धा निभणार नाही. मावशी संध्याकाळी थाळी घेऊन माझ्या दारात यायच्या. "तुमची ती आमटी वाढ." मी वाढायचे. दोन घास खाऊन त्या थाळीकडे बघत बसायच्या. "ह्याच्यात जीव नाय गो बाय," म्हणायच्या आणि निमूट संपवायच्या. असे पाच महिने. सुनेला आठवा लागला.

त्याच सुमारास मला स्थळ आलं. वसईचंच, पश्चिमेला राहणारं. आमच्यातलेच, अगदी कडक शाकाहारी. मुलाच्या आईचा फोन आला. गोड बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "राहतेस कुणाकडे? खाणारे नाहीत ना? आमच्याकडे त्या बाबतीत फार आहे बरं का." मी फोन कानाला लावून अंगणात उभी, समोर मावशी मांदेली साफ करतायत. आणि मी म्हणाले, "छे, छे. मावशी शाकाहारीच आहेत."

का बोलले? मुलगा मला आवडला होता म्हणून, आणि भित्री होते म्हणून. दुसरं काही कारण देऊन मी स्वतःला सोडवणार नाही.

मग त्या माउलीने सांगितलं, रविवारी दुपारी जेवायला भेटू, तुझ्याकडचं कुणी मोठं घेऊन ये. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मिरजेहून कुणी येणं शक्य नव्हतं. उरलं कोण? मावशी! मी त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि माझं खोटं सांगून टाकलं. मला वाटलं, आता टोपली डोक्यात घालतील. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली, थोडा विचार केला.

"खोटा कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "आता नायच खात मी. पाच म्हयने झाले. हाय शाकाहारी."

"पण विकता ते सांगू नका. मासळी हा शब्दच काढू नका तिथे. काहीही झालं तरी. माझ्या गळ्याची शपथ."

"नाय काढनार."

"डोक्यावर हात ठेवा."

त्यांनी ठेवला. हात लिंबाने धुवून आल्या आणि मग ठेवला.

हॉटेल मुलाने निवडलं होतं. त्याला थाई फार आवडायचं, म्हणे कॉलेजात मित्रांबरोबर खाल्लं होतं. या नव्या हॉटेलात व्हेज मिळतं असं त्याने फोन करून विचारूनही घेतलं होतं. त्याच्या आईने असलं काही पूर्वी कधी खाल्लेलं नव्हतं. वसई स्टेशनपासून आत, एका नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते हॉटेल होतं. दारात सोनेरी हत्ती, आत मंद दिवे, टेबलावर प्लास्टिकची जांभळी फुलं. मावशींनी नवी साडी नेसून अबोलीचा गजरा माळला होता. खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या आणि हनुवटी हलत नव्हती.

मुलाच्या आईने वेटरला तीन तीनदा विचारलं. तो म्हणाला, "टोटली व्हेज, मॅडम. चिकन, प्रॉन कुछ नहीं डालेंगे. सिर्फ टोफू." मग टोफू म्हणजे काय ते मुलाने आईला समजावलं. त्यातच पाच मिनिटं गेली.

सूप आलं. मावशींनी वाटी नाकाशी नेली आणि मी त्यांच्या नाकाकडे बघत राहिले. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगो, हा तर गवती चहा! ह्याचं बेट माझ्या मोरीमागं हाय!" सगळे हसले. मुलाची आईसुद्धा. म्हणाली, "मग आम्हाला पाठवा थोडा." झालं, जमलं! नूडल्स आल्या, परतलेल्या भाज्या आल्या. मावशींनी प्रत्येक बशीवर नाक फिरवलं, मान हलवली, खायला लागल्या. मुलाची आई मला आमच्या घरच्या रितीभाती विचारत होती आणि उत्तरं तिला पसंत पडत होती.

शेवटी वेटरने ती हिरवी करी आणली. मोठी खोल वाटी, वर नारळाचं दूध, तुळशीसारखी पानं. टेबलाच्या मधोमध ठेवली. मावशींचा घास हातातच राहिला.

मी त्यांच्याकडे बघितलं. नाकपुड्या फुललेल्या. त्या वाटीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाल्या, "बाय, जरा हात धुवाला चल."

"नंतर," मी म्हटलं.

"पोटात दुकतंय माझ्या. बाहेर घेऊन चल."

"मावशी, दहा मिनिटं," मी दातओठ खाऊन म्हणाले. मला वाटलं, काट्याचमच्यांना कंटाळल्या, पळ काढायचाय. माझ्या आयुष्याचं ठरतंय आणि यांच्या पोटात आत्ताच दुखायचंय!

मुलाची आई नाक वर करून म्हणाली, "कसला हो हा वास? जरा समुद्रासारखा नाही वाटत?"

समुद्र म्हटल्यावर ही बाई आता गप्प बसते होय? टेबलाखाली मी मावशींचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की त्यांची बांगडी माझ्या तळव्याला रुतली. मुलाने डाव उचलून करीत बुडवला होता, आईला वाढायला. आईने बशी पुढे केली होती.

मावशी म्हणाल्या, "नारलाचा हाय ताय. नारल जुना असला का असा वास येतो."

आणि त्यांनी हात सोडवून घेतला, मुलाच्या हातातून डाव काढून घेतला आणि ती वाटी ओढून स्वतःच्या पुढ्यात ठेवली. "मना द्या," म्हणाल्या. भाताचं भांडंही ओढलं. भात त्या वाटीत उपडा केला आणि हाताने खायला सुरुवात केली. वर मान नाही. घास मोठे, भराभर. टेबलावर तिघं बघतायत याची शुद्ध नाही.

"अहो... आम्हालाही जरा चव..." मुलाची आई म्हणाली.

"नको ताय, लय तिखट हाय. तुमाला नाय सोसायची. ती शेवया खा, ती चांगली हाय."

मुलाने दुसरी मागवायला हात वर केला. आईने तो खाली ओढला. "राहू दे रे," ती म्हणाली, आणि त्या तीन शब्दांत जे होतं ते मला अजून आठवतं. मावशींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, तिखटाचं. शेवटी त्यांनी वाटी बोटाने पुसली, बोट चाटलं, आणि वाटी रिकामी दाखवावी तशी मध्ये सरकवून दिली. एक थेंब राहिला नव्हता.

परतीच्या रिक्षात मी काय काय बोलले ते इथे सगळं लिहायची मला लाज वाटते. थोडं लिहिते. "जन्मात कधी खायला मिळालं नव्हतं का? माझी काय किंमत राहिली? तुम्हाला नेलं हीच माझी चूक." मावशी गजरा काढून मांडीवर धरून बसल्या होत्या. मी जितकी बोलत गेले तितक्या त्या गजऱ्यातलं एकेक फूल ओढत गेल्या.

डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी रिक्षा थांबवली. रविवार होता. त्या उतरल्या, पहिल्या पायरीशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. चप्पलसुद्धा काढली नाही. मी रिक्षावाल्याला पाठवून दिलं आणि रागारागाने त्यांच्याजवळ गेले.

"आता काय? वर जा ना."

"कुठल्या तोंडानं जाऊ?" त्या म्हणाल्या. "कोलीम होता त्यात."

कोलीम म्हणजे जवळ्याहूनही बारीक कोळंबी. वाळवून, कुटून ठेवतात. चमचाभर घातली की आख्ख्या कालवणाला चव येते. मी कित्येकदा त्यांना ती कुटताना बघितली होती.

"काहीतरीच काय! तो वेटर तर..."

"त्याला काय ठावं? मी जल्मभर तेच कुटत आलीय." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, वर पायऱ्यांकडे बघत होत्या. "तुझ्या मायला शब्द दिलेला, तुझ्या तोंडात जानार नाय म्हनून. तुला शब्द दिलेला, मासलीचा नाव काढनार नाय म्हनून. दोन राखायचे तर तिसरा मोडला."

"सांडायची होती वाटी! धक्का लागल्यासारखं करून."

"सांडली असती तर दुसरी आनली असती. त्या पोरानं हात वर केलाच व्हता ना?"

मी तिथेच पायरीवर बसले. त्या हात जोडून उभ्या होत्या आणि पुटपुटत होत्या. पहिल्यांदाच त्या देवीशी इतक्या हळू बोलत होत्या की मला काही ऐकू आलं नाही.

घरी येऊन मी हॉटेलात फोन लावला. मनातून अजूनही वाटत होतं की ही बाई चुकली असेल. फोनवरच्या माणसाने आत जाऊन विचारलं. परत आला. "हां मॅडम, पेस्ट रेडीमेड आती है, उसमें थोडा श्रिंप रहता है. लेकिन व्हेज में पीस नहीं डालते ना."

त्यानंतर दहाव्या दिवशी, भर दुपारी, सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. आठवा महिनाच चालू होता. मावशी बाजारातून टोपली तशीच टाकून धावत आल्या. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला असता तर बरं झालं असतं. पण त्या नुसत्या समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या आणि मधूनमधून स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेत होत्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि परत मारली.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले.

"तुझ्या तोंडात गेला का? माझ्या गेला." मग हनुवटी वर करून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं त्या बोलल्या, "ऐक गो! पोर दे. मी परत जल्मात तोंडाला लावनार नाय. आता तुझा आनि माझा हिशोब, मधी कोन नको!"

अंधारून यायच्या आत मुलगी झाली. एवढीशी. काचेच्या पेटीत सतरा दिवस राहिली. सतरा दिवस मावशी बाजारात गेल्या नाहीत आणि मी देवीपुढे काय काय कबूल केलं ते देवीलाच माहीत. अठराव्या दिवशी पोर घरी आली.

माझं लग्न जमलं. पसंती आली ती अशी: "मुलगी छान आहे. त्या बाईंचं काय, भाडेकरूचा काय दोष!" लग्नात मावशी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. सासूबाईंनी वाढप्यांना बजावलं, "त्या बाईंना शेवटी वाढा हं, नाहीतर वऱ्हाड उपाशी राहील." सगळे हसले. मीही हसले. नवऱ्याला मी पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईला नको सांगू, तिला सोसायचं नाही." मग पाच वर्षं तेच. कुणी पाहुणे आले, जेवण चांगलं झालं, की सासूबाई त्या खादाड बाईची गोष्ट रंगवून सांगणार, वाटी बोटाने पुसल्याची नक्कल करणार. आणि मी ताटं उचलत हसणार.

मावशींच्या नातीचा पाचवा वाढदिवस यंदा झाला. पोरीने स्वतः फोन केला, "तुमच्या सासूला पन आना." सासूबाई कधी जूचंद्राला आल्या नव्हत्या. आल्या. अंगणात शिरल्या आणि थबकल्या. एका बाजूला मासळीची टोपली, घरामागून सुकटीचा वास, ओट्यावर जेवणं चाललेली आणि मावशी नातीला शेजारी बसवून तळलेल्या बोयटाचे काटे काढतायत.

"म्हणजे..." सासूबाई माझ्याकडे वळल्या. "या मासळी विकतात? शाकाहारी आहेत म्हणून सांगितलं होतंस ना? चक्क खोटं बोलल्या त्या, आमच्यासमोर बसून?"

मावशींनी मान वर केली. माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाल्या, गप. त्यांच्या तोंडावर खोटारडी म्हटलं गेलं होतं, आणि तेही मासळीवरून! ज्या बाईने कालचा पापलेट आजचा म्हणून विकला नाही तिला. आणि ती मला सांगत होती, गप.

नाही राहिले गप्प. सगळं सांगितलं. खोटं मी बोलले होते, त्या नाही. वाटीत काय होतं. वास कुणी ओळखला. त्या मला दोनदा उठवत होत्या आणि मी उठले नाही. फोनवर तो माणूस काय म्हणाला. त्या तेव्हा नवसात होत्या आणि कुणासाठी होत्या. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत या बाईने मासळीचं बोटसुद्धा चाटलेलं नाही, हेही सांगितलं.

सासूबाई ओट्याच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी बशी पुढे केली होती. डाव माझ्याच बशीसाठी बुडवला होता." त्यांनी तोंडावर पदर घेतला. "आणि मी पाच वर्षं... घरोघर..."

"जाऊ दे ओ ताय," मावशी म्हणाल्या. "कानातला खोटा. निघून जातो."

"आणि तुमचा नवस?" सासूबाईंनी विचारलं. "तुमचा नवस मोडला ना हो माझ्यापायी."

मावशी काटा काढत होत्या. बोटांनी चाचपून, परत चाचपून.

"नवस?" त्या म्हणाल्या. "तो काय समोर बसलाय. काटा काढून दे म्हनतोय."

पोरीने आ केला. मावशींनी घास तिच्या तोंडात घातला आणि हात धुवायला मोरीवर गेल्या.